सायकलवरून चौल-रेवदंडा

(एका जुन्या बंदराच्या गावाची ही सायकल-सफर आहे. अनोळखी मुलखात हिंडताना काय पाहावे, कुठे थांबावे आणि कोणाला विचारावे, हे लेखकाने आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)



तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? परभणी जिल्ह्यातल्या वर्गात हा प्रश्न विचारला की फार थोडे हात वर होतात. आपल्याकडे गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे. पण समुद्र इथून फार दूर. शिवाय आपली गोदावरी पूर्वेकडे वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे पश्चिमेचा अरबी समुद्र आपल्याला जणू परमुलखातलाच वाटतो.

आज आपण त्या परमुलखात जाणार आहोत आणि तेही सायकलवरून!

सायकलच का, असे तुम्ही विचाराल. मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसते, पण गावातली माणसे भेटत नाहीत. पायी जाणाऱ्याला माणसे भेटतात, पण एका दिवसात फार गावे होत नाहीत. सायकलवाल्याला दोन्ही साधते. वाटेल तिथे उतरा, सायकल झाडाला टेकवा आणि समोरच्या माणसाशी बोला. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकली घेऊन जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी वाळवंटे, डोंगर आणि जंगले ओलांडून प्रवास पुरा केला. १९२८ साली ते मुंबईला परत आले. साध्या सायकलने त्यांना सारे जग दाखवले. आपल्याला मात्र संध्याकाळी परत यायचे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. गेटवे ऑफ इंडियाजवळून लाँचने खाडीपलीकडच्या मांडव्याला उतरलो आणि तिथून अलिबागला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याने एक सायकल घेतली. तिची हवा तपासली, ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवली आणि दक्षिणेच्या रस्त्याला लागलो. अलिबागहून रेवदंडा सुमारे सतरा किलोमीटर. वाटेत आक्षी, नागाव आणि चौल ही गावे लागतात. रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या. त्यांची सावली इतकी दाट, की ऊन रस्त्यावर नुसते ठिपके टाकते. आपल्याकडच्या कापसाच्या आणि ज्वारीच्या मोकळ्या रानाची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळे नवे वाटते.

आक्षीपाशी पोहोचलो आणि मागचे चाक बसले. पंक्चर! मी मनात चरफडलो. रस्त्याकडेच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधू लागले. “कुठून आलात?” त्यांनी विचारले.

“परभणीहून आलो, काका. रेवदंड्याला चाललोय.”

“मग आमचा दगड पाहिलात की नाही?”

“कसला दगड?”

“अहो, लेखाचा दगड! हजार वर्षांचा आहे म्हणतात. शिकलेली माणसं लांबून येतात बघायला. आणि तुम्ही तसेच पुढे निघालात!”

मित्रांनो, तो दगड म्हणजे आक्षीचा शिलालेख. त्यावर शिलाहार राजा केसिदेव याचे नाव कोरलेले आहे. अनेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा मानतात. काही जण तो त्यानंतरचा समजतात. पण मराठी भाषेतील अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते, याबद्दल शंका नाही. हा दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. त्याच्याजवळून रोज शेकडो गाड्या जात. पण थांबत कोण? माझे चाक बसले नसते, तर मीही थांबलो नसतो. तुम्ही आज जी मराठी दुसरी भाषा म्हणून शिकत आहात, तिचे हे एवढे जुने अक्षर पाहून मला त्या पंक्चरचे आभार मानावेसे वाटले.

नागाव मागे टाकून मी चौलला आलो. आज चौल हे झाडीत लपलेले शांत गाव आहे. एके काळी मात्र ते पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. ग्रीक खलाशी त्याला सिमिल्ला म्हणत. अरबांनी त्याचे सैमूर केले. बगदादचा प्रसिद्ध प्रवासी अल-मसूदी हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास येथे आला होता. त्या वेळी या भागावर राष्ट्रकूट राजांची सत्ता होती. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्यात सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी होते आणि त्यांचे येथे जन्मलेले वंशजही होते. त्यांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. अकराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट! तलवार घेऊन नव्हे, तर तराजू घेऊन आलेली ही माणसे इथलीच होऊन राहिली.

चौलमध्ये सायकल हळू चालवा. एका वळणावर जुन्या हमामखान्याची इमारत दिसते. थोडे पुढे जुन्या मशिदीचे अवशेष आहेत. जवळच रामेश्वराचे मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे. हिंगळाजदेवीचे स्थान आहे, टेकडीवर दत्ताचे मंदिर आहे. दोन-तीन किलोमीटरांच्या आत एवढे सारे! कोणी कोणाला पुसून टाकले नाही. वाड्यांमध्ये सगळे एकमेकांचे शेजारी म्हणून उभे आहेत.

आता रेवदंडा. इथे एक गंमत होते. आपण किल्ला शोधत असतो आणि रस्ता आपल्याला किल्ल्यातच घेऊन जातो! गावाचा मोठा भाग जुन्या तटाच्या आत वसला आहे. घरे, दुकाने, शाळा, वाड्या सगळे तटाच्या पोटात. हा तट पोर्तुगिजांनी बांधला. एक उंच मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला सातखणी मनोरा म्हणतात. आज त्याचे सारे मजले शिल्लक नाहीत. समुद्राच्या बाजूला सुरूची झाडे आहेत, काळसर वाळू आहे आणि तिच्यापुढे पाणीच पाणी. मी सायकल ठेवली आणि तटावर बसून पहिल्यांदा डोळे भरून समुद्र पाहिला.

पण पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधू कोणी दिला? तुम्ही नीट ऐका, कारण हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा आहे. सोळाव्या शतकात चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होते. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना किल्ल्याची परवानगी दिली. त्याला समुद्रामार्गे येणारे अरबी घोडे हवे होते, पोर्तुगिजांना व्यापार हवा होता. हा बुऱ्हाण निजामशहा मूळचा कुठला? इतिहासकार फरिश्ता याने काही काळ अहमदनगरच्या दरबारात काढला होता. आपल्या फारसी ग्रंथात तो सांगतो, की या घराण्याचे पूर्वज ब्राह्मण होते आणि त्यांच्याकडे पाथरीचे कुलकर्णीपद होते. होय, आपल्या परभणी जिल्ह्यातली पाथरी! त्यांचे कुटुंब विजयनगरच्या राज्यात गेले. पुढे त्यातला एक मुलगा लढाईत पकडला जाऊन बहमनी दरबारात आला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद. त्याने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली. बुऱ्हाण हा त्या अहमदचा मुलगा. तो गादीवर होता तरी पाथरीला विसरला नाही. पूर्वजांचे गाव आपल्याकडे यावे म्हणून तो वऱ्हाडच्या इमादशहाशी लढला आणि पाथरी त्याने घेतली.

रेवदंड्याच्या तटावर बसून मी हे आठवत होतो. घरापासून पाचशे किलोमीटर दूर, समुद्राच्या काठी माझी पाथरी मला भेटली. परका वाटणारा मुलूख एकदम ओळखीचा झाला.

हा तट मात्र सुखात नाही. वडाची मुळे दगडांत घुसली आहेत. कुठे दगड ढासळले आहेत. कुठे कोणी खिळ्याने आपले नाव कोरले आहे. शेकडो वर्षे समुद्राच्या वाऱ्याने जे केले नाही, ते एका खिळ्याने पाच मिनिटांत होते. अशा ठिकाणी जाल तेव्हा नाव कोरू नका. नाव वहीत लिहा, भिंतीवर नको.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा एक स्तंभ आहे. तो अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या आठवणीसाठी उभारला आहे. निकितिन रशियातील त्वेर शहरचा. पंधराव्या शतकात तो इराणमार्गे, होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. त्याच्यापाशी विकायला आणलेला एक घोडा होता. त्याचा गोरा रंग पाहून लोक त्याच्यामागे चालू लागत, असे तो लिहितो. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तरच घोडा परत मिळेल, अशी अट घातली. निकितिन घाबरून गेला. परक्या देशात त्याचे होते कोण? तेव्हा खुरासानचे महंमद नावाचे एक गृहस्थ मध्ये पडले. त्यांनी खानाकडे रदबदली केली. घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. एका मुसाफिराच्या मदतीला दुसरा मुसाफीर धावून आला.

पुढे तो बहमनी राजधानी बीदरला गेला. आपला मराठवाडाही तेव्हा बहमनी राज्यात होता. मायदेशी जाताना निकितिन घरी पोहोचला नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. पण त्याची वही पोहोचली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात रशियन भाषेच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. वाटेत भेटलेल्या माणसांची भाषा त्याच्या लेखणीत उतरली होती. उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी एका रशियन दिग्दर्शकासह १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला.

गावात यहुदी लोकांचे प्रार्थनास्थळही आहे. हे बेने इस्राएल लोक. आपले पूर्वज फार पूर्वी जहाज फुटून या किनाऱ्याला लागले, असे ते परंपरेने सांगतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची घरची भाषा मराठी झाली. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण तिकडे गेले. पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

दुपार कलली. मी पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली आणि कोर्लईला गेलो. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीज १७४० साली हा मुलूख मराठ्यांना देऊन गेले. परंतु इथल्या घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. ती बोलणारे लोक हजाराच्या आसपासच आहेत. तिला शाळा नाही, पुस्तक नाही. मुले शाळेत मराठी शिकतात आणि घरी आल्यावर आजीशी आपल्या बोलीत बोलतात. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ही बोली जगली, ती केवळ घराघरांतल्या बायकांच्या आणि मुलांच्या तोंडी.

हे ऐकून मला तुमची आठवण झाली. तुम्हीही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. एक शिकताना दुसरी सोडावी लागते असे कोणी म्हणाले, तर त्याला कोर्लईची गोष्ट सांगा. भाषांचे भांडण नसते. मराठीतले बंदर, जहाज, बुरूज, मनोरा, दरवाजा, सफर हे शब्द पाहा. तुमच्या घरचेच आहेत ना? फरक एवढाच, की तुम्ही बंदरगाह म्हणता, आम्ही नुसते बंदर म्हणतो. चावी, पगार, काजू हे शब्द तर पोर्तुगिजांनी आणले; ते मराठीतही रुळले आणि उर्दूतही. जहाजातून माल उतरत होता, तसे शब्दही उतरत होते.

सूर्य समुद्राकडे झुकला. अंधारापूर्वी अलिबाग गाठायला हवे होते. परतीच्या वाटेवर आक्षीच्या काकांनी हात वर केला. “पाहिलात का मनोरा?” त्यांनी ओरडून विचारले. मी घंटी वाजवून होकार दिला.

मित्रांनो, चौलला जायला तुम्हाला कदाचित अजून काही वर्षे लागतील. पण सायकल तर आजही दारात उभी आहे. आपल्या जिल्ह्यात पाथरी आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत, परभणीत हजरत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. तुमच्या गावातही एखादी जुनी वेस, बारव किंवा मशीद असेलच. रविवारी सकाळी दोघे-तिघे मिळून निघा. घरी सांगून जा, पाण्याची बाटली घ्या, रस्त्याच्या डाव्या कडेने चला. आणि वाटेत पंक्चर झाले तर चिडू नका. दुकानातल्या काकांना विचारा, “काका, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?”

शब्दार्थ

परमुलूख – परका प्रदेश
वाडी – (येथे) नारळ-सुपारीची बाग
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
पुष्करणी – देवळापुढील बांधीव तळे
तट – किल्ल्याची भिंत
मनोरा – मिनार
खलाशी – जहाजावर काम करणारा माणूस
रदबदली – दुसऱ्यासाठी केलेली विनंती
मिलाफ – एकत्र येणे
बारव – पायऱ्यांची विहीर

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(१) लेखक आक्षीला का थांबला?
(२) अरब लोक चौलला काय म्हणत?
(३) पोर्तुगिजांना किल्ला बांधण्याची परवानगी कोणी दिली?
(४) बेने इस्राएल लोकांना शनवार तेली का म्हणत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
(१) रेवदंड्याच्या तटावर लेखकाला पाथरी कशी भेटली?
(२) निकितिनला घोडा परत कसा मिळाला?
(३) कोर्लईची बोली आजवर कशी टिकली?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (बीदर, कुंडलिका, बगदाद)
(१) अल-मसूदी हा …… शहराचा प्रवासी होता.
(२) …… ही बहमनी राजधानी होती.
(३) रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये …… खाडी आहे.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मनात चरफडणे, डोळे भरून पाहणे, मदतीला धावून येणे.

प्र. ५. कारण सांगा.
“नाव वहीत लिहा, भिंतीवर नको,” असे लेखक का म्हणतो?

उपक्रम : तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूला भेट द्या. गावातील वडीलधाऱ्या माणसांना तिच्याविषयी विचारा आणि मिळालेली माहिती मराठीत दहा ओळींत लिहा. तीच माहिती उर्दूत लिहून दोन्ही भाषांतील समान शब्दांखाली रेघ मारा.